इंजिन किती वेळा खोलायचे?

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत गाडीची हौस असणाऱ्याला कामाच्या हातांची वानवा नाही. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, पुणे–सोलापूर रस्त्यावर कुरकुंभची आहे, दौंडला रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. लेथ, बोअरिंग, हेड फेसिंग ही कामे जाणणारी माणसे या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाली आहेत. त्यामुळे घराशेजारच्या शेडमध्ये जुनी डिझेल स्विफ्ट, पुंटो, लिनिआ किंवा जिप्सी उभी करून तिचे इंजिन ताकदवान करण्याचा बेत इथे सहज आखला जातो. बेत आखताना पहिला वाद मात्र ठरलेला असतो: सगळे काम एकदम करायचे की टप्प्याटप्प्याने?

या वादाचे उत्तर बहुतेक जण खिशाकडे बघून देतात. पैसे हातात असतील तर एकदम, नसतील तर जसे येतील तसे. पैशाचे बंधन खरेच आहे, पण त्यावरून फक्त वेग ठरतो. टप्पा कुठे संपवायचा हे त्यावरून ठरवले की काम बिघडते. टप्प्याची सीमा ठरवणाऱ्या गोष्टी दोन आहेत. एका बदलाचा भार इंजिनाच्या दुसऱ्या कोणत्या भागावर जातो, ही पहिली. आणि तो बदल करण्यासाठी इंजिन किती खोलवर उघडावे लागते, ही दुसरी. या दोन कसोट्या लावल्या की कोणती कामे एकत्रच करावी लागतील आणि कोणती निर्धास्तपणे पुढे ढकलता येतील, याची विभागणी पुष्कळशी आपोआप होते.

ताकद आणि टॉर्क: रांजणगावचा दाखला

पहिली कसोटी नीट समजायला शिरूर तालुक्यातच उत्तम पुरावा आहे. फियाट आणि टाटा मोटर्स यांच्या भागीदारीतल्या रांजणगावच्या कारखान्यातून 2009 साली लिनिआ बाहेर पडली. तिचे पेट्रोल इंजिन 1,368 सीसीचे होते. बोअर 72 मिलिमीटर, स्ट्रोक 84 मिलिमीटर. ताकद 90 अश्वशक्ती, टॉर्क 115 न्यूटन-मीटर. पुढच्याच वर्षी याच मापाचे, पण टर्बो लावलेले टी-जेट इंजिन लिनिआत आले: 114 अश्वशक्ती, 207 न्यूटन-मीटर. आणि 2015 मध्ये अबार्थ पुंटो आली, तिच्यात तेच टी-जेट 145 अश्वशक्ती आणि 212 न्यूटन-मीटर देत होते.

हे आकडे शेजारी मांडले की एक विलक्षण गोष्ट दिसते. 90 वरून 114 ही वाढ सुमारे 27 टक्के आहे. 114 वरून 145 ही वाढसुद्धा सुमारे 27 टक्केच. अश्वशक्तीच्या हिशोबाने दोन्ही उड्या सारख्या. पण पहिल्या उडीत टॉर्क 80 टक्क्यांनी वाढला आणि दुसऱ्या उडीत जेमतेम अडीच टक्क्यांनी.

याचा उलगडा साध्या सूत्राने होतो. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये आणि फेरे मिनिटाला किती ते घेऊन दोहोंचा गुणाकार केला, त्याला 7,024 ने भागले, की अश्वशक्ती मिळते. लिनिआ टी-जेटची 114 अश्वशक्ती 5,000 फेऱ्यांवर मिळायची. म्हणजे त्या क्षणी टॉर्क 160 न्यूटन-मीटरच्या आसपास उतरलेला असायचा. अबार्थची 145 अश्वशक्ती 5,500 फेऱ्यांवर. तिथे टॉर्क सुमारे 185 असायचा. कारखान्याने टॉर्कचा माथा फारसा उंच केला नाही, तो वरच्या फेऱ्यांपर्यंत टिकवून धरला.

गाडीच्या नियोजनात या फरकाला फार मोठे महत्त्व आहे. क्लच प्लेट घसरते, गिअरचे दात तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतात, ते मुख्यतः टॉर्कमुळे. रेडिएटर कमी पडतो, टर्बो लाल होतो, इंधनाचा पुरवठा अपुरा ठरतो, ते मुख्यतः अश्वशक्तीमुळे, कारण दर सेकंदाला किती इंधन जळते आणि किती उष्णता बाहेर काढावी लागते हे अश्वशक्तीवर ठरते. म्हणून पहिल्या प्रकारची उडी तुकड्यातुकड्यांनी घेता येत नाही. साध्या इंजिनाला टर्बो बसवायचा तर कॉम्प्रेशन खाली आणावे लागते (टी-जेटचे 9.8 आहे), पिस्टन त्या भाराचे लागतात, टर्बोला तेलाची वाट द्यावी लागते, क्लच जड लागतो, इंजेक्टर मोठे लागतात आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचा, मॅप मुळापासून नवा लागतो. यातले एक जरी मागे ठेवले तरी उरलेले सगळे निरुपयोगी किंवा घातक ठरते. दुसऱ्या प्रकारच्या उडीत मोकळीक पुष्कळ असते, कारण गिअरबॉक्स आणि क्लच जवळजवळ पूर्वीइतकाच भार सोसत असतात.

कारखान्याने इंजिनाबाहेर काय बदलले तेही पाहण्यासारखे आहे. साध्या लिनिआला मागे ड्रम ब्रेक होते. टी-जेटला चारही चाकांना डिस्क आल्या. अबार्थ पुंटोलाही चारही डिस्क दिल्या आणि गाडीची उंची कमी करून सस्पेन्शन ताठ केले. ब्रेक नंतर बघू, असे कारखान्याने म्हटले नाही. हौशी माणूस हमखास म्हणतो, आणि माझ्या मते या छंदातली सर्वांत धोकादायक सवय तीच आहे. प्रीमियर पद्मिनीसारखी 1,089 सीसीची, सुमारे 40 अश्वशक्तीची आणि चारही चाकांना ड्रम असलेली गाडी घेऊन कुणी तिची ताकद दीडपट करायला निघाला असेल, तर त्याचे पहिले काम बॉनेटखाली नसून चाकांपाशी आहे.

सुटे न होणारे संच

डिझेलमध्ये हाच विचार अधिक कडक होतो. 1.3 लिटरचे मल्टीजेट, 1,248 सीसीचे, या पट्ट्यातले सर्वांत ओळखीचे इंजिन म्हणता येईल. ते रांजणगावातही बनायचे, आणि 2012 मध्ये मारुतीने आपल्या गाड्यांसाठी वर्षाला एक लाखापर्यंत डिझेल इंजिने रांजणगावातून घेण्याचा करार केला होता. मारुतीच्या गाड्यांत याची दोन रूपे आली: 75 अश्वशक्ती आणि 190 न्यूटन-मीटरचे, तसेच 90 अश्वशक्ती आणि 200 न्यूटन-मीटरचे. पहिल्याचा टर्बो स्थिर पात्यांचा, दुसऱ्याचा बदलत्या पात्यांचा. इथेही टॉर्क फारसा हललेला नाही, वरच्या फेऱ्यांतला श्वास वाढला आहे.

आता 75 ची गाडी असलेल्याला वाटते की आधी 90 वाला टर्बो बसवू, मॅपचे पुढच्या वर्षी बघू. पण पाती कधी मिटायची आणि कधी उघडायची हे ईसीयू सांगतो. जुन्या मॅपला ती पाती ठाऊकच नाहीत. तेव्हा टर्बो, त्याची पाती हलवणारी व्यवस्था आणि मॅप हा एक संच झाला; तो एकाच दिवशी गाडीवर चढला पाहिजे. उलट इंटरकूलर मोठा करणे हे सुटे काम आहे. ते आधी केले तर जुन्या टर्बोबरोबरही ते सुखाने नांदते, थंड हवा देते आणि पुढच्या टप्प्याची वाट बघते. क्लचचेही तसेच. जास्त टॉर्क पेलणारी क्लच प्लेट कमी टॉर्कच्या इंजिनावर चालते. कमी टॉर्कची प्लेट जास्त टॉर्कच्या इंजिनावर चालत नाही, चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये फेरे वाढतात आणि गाडीचा वेग वाढत नाही.

यातून क्रमाचा नियम निघतो. जो भाग राखीव क्षमता वाढवतो, म्हणजे ब्रेक, रेडिएटर, क्लच, इंधनपंप, तेलाचा कूलर, इंटरकूलर, तो आधी, एकेकटा, सवडीने बसवता येतो. जो भाग ती क्षमता वापरून टाकतो, म्हणजे टर्बो, कॅम, मॅप, तो शेवटी येतो आणि बहुधा संचानेच येतो. दुर्दैवाने हौसेचा ओढा नेमका उलटा असतो. मॅप स्वस्त, एका दुपारचे काम, आणि परत येतानाच पिकअप जाणवतो. म्हणून तो पहिला केला जातो. रेडिएटर बदलल्याने काहीच जाणवत नाही, म्हणून तो राहून जातो.

खोलण्याची खोली

दुसरी कसोटी मिस्त्रीच्या पान्याची आहे. इंजिनाला वेगवेगळ्या खोलीचे दरवाजे आहेत. नुसते बॉनेट उघडून होणारी कामे सर्वांत वरची: फिल्टर, नळ्या, इंटरकूलर, सेन्सर. त्याखाली पुढचे कव्हर किंवा टायमिंगची बाजू. मग गिअरबॉक्स उतरवून होणारी कामे. मग हेड. आणि सर्वांत खाली ब्लॉक, ज्याला आपल्याकडे गॅरेजात हाफ इंजिन, फुल इंजिन या भाषेत मोजतात. नियोजनाचे तत्त्व असे की एकदा एखादा दरवाजा उघडला की त्या खोलीतले सगळे काम त्याच वेळी उरकायचे, पुढच्या टप्प्याचे असले तरी.

गिअरबॉक्स उतरवण्याचे उदाहरण घ्या. क्लच प्लेट बदलायला तो खाली आणला. आता समोर प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हील आणि त्यामागे क्रँकचे मागचे ऑइल सील आहे. सीलची किंमत त्या दिवसाच्या मजुरीपुढे नगण्य. पण ते तसेच ठेवले आणि सहा महिन्यांनी पाझरले, तर त्याच मजुरीने पुन्हा गिअरबॉक्स खाली येतो आणि नव्या क्लच प्लेटवर तेल गेलेले असते ते वेगळेच. म्हणून भले टॉर्क वाढवायला अजून दोन वर्षे असतील, क्लच बदलायची वेळ आली त्याच दिवशी उद्याच्या टॉर्कचा क्लच बसवावा.

हेडच्या बाबतीत गुंता वाढतो, आणि इथे दोन्ही कसोट्या एकमेकींत मिसळतात. हेड उतरले की सरळ पट्टी हेडच्या तळावर आडवी, उभी आणि तिरपी ठेवायची, खालून फिलर गेजचे पान सरकवून बघायचे. पान कुठे आत गेले की हेड वाकले आहे. मग ते फेसिंगला जाते. लेथवरचा माणूस तळ साफ होईस्तोवर पातळ थर काढतो आणि हेड आरशासारखे होऊन परत येते. पण किती थर काढला हे विचारल्याशिवाय हेड घरी आणू नये. टी-जेटच्या मापांवर हिशोब करू. चार सिलिंडरांपैकी प्रत्येकाचे घनफळ 342 सीसी, कॉम्प्रेशन 9.8 म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा सुमारे 39 सीसी. ज्वलनकक्षाचे तोंड बोअरएवढे धरले तर 0.3 मिलिमीटर थर काढल्याने त्यातली सव्वा सीसी कमी होते. कॉम्प्रेशन 9.8 वरून 10.1 च्या जवळ जाते. रोजच्या चालवण्यात हे जाणवणारही नाही. पण टर्बोचा दाब वाढवलेला मॅप आधीच करून ठेवला असेल, तर तो 9.8 धरून केलेला असतो, आणि भर उन्हात चढावर नॉकिंग सुरू होते. नॉकिंगने पिस्टनच्या कडा खाल्ल्या जातात. म्हणजे मॅप हे वरवरचे, बॉनेटमधले काम असले तरी क्रमाने ते हेडच्या नंतर येते. हेडचे काम भविष्यात कधीतरी करायचे नक्की असेल, तर आजचा मॅप तात्पुरता समजावा आणि त्यावर मोठा खर्च करू नये.

पैशाचा हिशोबही याच कसोटीने मांडावा. हेड दोनदा खोलले तर दोनदा मजुरी जाते, हे सगळ्यांच्या लक्षात येते. लक्षात येत नाही ते असे की हेड गॅस्केट दुसऱ्यांदा वापरता येत नाही, अनेक इंजिनांचे हेड बोल्ट एकदा ताणले की बदलावेच लागतात, कूलंट आणि तेल दोन्ही नवे लागते. आणि दर खेपेला ॲल्युमिनिअममधल्या आट्या थोड्या झिजतात.

एकदम करण्याची किंमत

इतके वाचून एखाद्याला वाटेल, मग सगळेच एकदम करून मोकळे व्हावे. त्या बाजूलाही मोठी अडचण आहे. समजा आठ बदल एकत्र केले आणि गाडी मिसिंग करायला लागली. संशयित आठ. पण गाडीतले दोष पुष्कळदा दोन भागांच्या न जुळण्यातून येतात. नवा इंजेक्टर चांगला, नवा सेन्सर चांगला, दोघांचे गणित मात्र वेगळे. आठ बदलांच्या अशा 28 जोड्या होतात. गावातल्या शेडमध्ये, महिन्यातून चार रविवार मोकळे असलेल्या माणसाने 28 जोड्या तपासायच्या म्हणजे गाडी वर्षभर उभी. उभ्या गाडीत उंदीर वायरिंग कुरतडतात, बोअरला गंज धरतो, टाकीतले इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतले पाणी ओढते. अर्धवट राहिलेल्या गाड्यांपैकी पुष्कळ पैशाअभावी थांबलेल्या नसतात. एका वेळी खूप काही उघडल्यामुळे आणि काय बिघडले ते न समजल्यामुळे थांबलेल्या असतात. मला ते फार मोठे नुकसान वाटते, कारण त्या गाडीबरोबर एका माणसाची शिकण्याची उमेदही शेडमध्ये पडून राहते.

यावर दौंडवरून अनेक दशके धावलेल्या डिझेल लोकोमोटिव्हांचा इतिहास उजेड टाकतो. डब्ल्यूडीएम-2 हे लोको 1962 मध्ये भारतात आले आणि 1964 पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागले. त्याचे आल्को कंपनीच्या रचनेचे सोळा सिलिंडरांचे इंजिन 2,600 अश्वशक्तीचे होते. पुढे त्याच मूळ इंजिनातून 3,100 अश्वशक्ती काढली गेली, तो डब्ल्यूडीएम-3ए. वाढ 19 टक्के, आणि फेरे मिनिटाला हजाराच्या आसपासच राहिले. म्हणजे ही वाढ बहुतांशी टॉर्कमधून आली. अबार्थच्या अगदी उलट. त्यामुळे बदलही संचाने करावे लागले: जास्त कार्यक्षम टर्बो, मोठा आफ्टरकूलर, 15 ऐवजी 17 मिलिमीटरचे इंधनपंप, बदललेला कॅमशाफ्ट, आणि वाढलेली उष्णता सोसायला पोलादी टोपीचे पिस्टन.

रेल्वेने हे दोन वेगळ्या गतींनी केले, आणि मला त्यात सर्वांत मोठा धडा दिसतो. कोणता पंप, कोणता टर्बो, कोणता कॅम एकमेकांशी जुळतो, हा शोध लखनौच्या संशोधन संस्थेत, आरडीएसओत, चाचणीच्या चौथऱ्यावर बसवलेल्या इंजिनांवर टप्प्याटप्प्याने लागला. प्रत्यक्ष लोकोवर बदल करताना मात्र टप्पे नव्हते. जुनी डब्ल्यूडीएम-2 साधारण 18 वर्षांनी पटियाळ्याच्या कारखान्यात मध्यायुष्याच्या पुनर्बांधणीला जायची, तिथे ती तशीही पूर्ण खोलली जायची, आणि त्याच खोलण्यात ताकदवाढीचा संपूर्ण संच तिच्यावर चढवता यायचा. शोध सावकाश, अंमलबजावणी एका खेपेत.

हौशी माणसाकडे चाचणीचा चौथरा नसतो. त्याच्या एकाच इंजिनाला प्रयोगशाळाही व्हायचे असते आणि गाडीही. त्यामुळे स्वतःला विचारण्याचा नेमका प्रश्न असा होतो: हा शोध आधी कुणी लावलेला आहे का? 75 च्या मल्टीजेटला 90 चे करायचे असेल तर जुळणारे भाग कारखान्याने ठरवून ठेवलेले आहेत. तिथे संच एकदम चढवण्यात धोका कमी. जिप्सीच्या 970 सीसीच्या इंजिनाऐवजी 1.3 लिटरचे बसवायचे तर तीही मळलेली वाट आहे. जिप्सी किंग आली तेव्हा मारुतीने मोठ्या इंजिनाबरोबर चार गिअरऐवजी पाच गिअरचा बॉक्सही दिला होता. पण जिथे भागांची सांगड आपणच पहिल्यांदा घालत आहोत, वेगळ्या कंपनीचा टर्बो, हाताने घासलेले हेड, बाहेरून मागवलेला कॅम, तिथे एका वेळी एक बदल आणि दर बदलानंतर मोजमाप याला पर्याय नाही, त्यासाठी एखादा दरवाजा दोनदा उघडावा लागला तरी चालेल.

मोजमाप, हवा आणि पंपावरचे पेट्रोल

टप्प्याटप्प्याने काम करण्याचा सगळा फायदा मोजमापावर उभा आहे, आणि आपल्या हवेत मोजमाप फसवे असते. शिरूर-दौंडचा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे-साडेपाचशे मीटर उंच. तेवढ्यानेच हवेची घनता सहा टक्क्यांच्या आसपास कमी होते. शिवाय जानेवारीतल्या पहाटे 12 अंश आणि मेमधल्या दुपारी 40 अंश यांत हवेच्या घनतेचा फरक सुमारे नऊ टक्के पडतो. टर्बो नसलेल्या गाडीला मेमध्ये फिल्टर-सायलेन्सर बदलून जानेवारीत जो पिकअप जाणवतो, त्यातला बराचसा थंडीचा असू शकतो.

ताकद मोजणारे यंत्र, म्हणजे डायनो, जवळ नसेल तरी चालते. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 40 वरून 80 किलोमीटरला जायला लागणारा वेळ, त्याच सपाट पट्ट्यावर, दोन्ही दिशांनी, एकाच तापमानाला घ्यावा. माणसांसह 1,200 किलो वजनाच्या गाडीला हा वेग गाठायला सुमारे 222 किलोज्यूल लागतात. सहा सेकंद लागले तर सरासरी 37 किलोवॉट, साडेपाच लागले तर 40. म्हणजे अर्ध्या सेकंदात नऊ टक्के! हातातल्या घड्याळाची चूकच तेवढी असते. म्हणून ओबीडीतून नोंद घ्यावी आणि पाच-सहा खेपांची सरासरी काढावी. चौफुला ते न्हावरे आणि पुढे शिरूर हा रस्ता सोयीचा वाटतो, पण ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमुळे तिथे नीट खेप मिळत नाही, आणि सुरक्षितही नाही.

या प्रदेशाचा सपाटपणाही फसवतो. पाटस–कुरकुंभ रस्त्यावर शंभरच्या वेगाने जाणारी लहान गाडी आपल्या ताकदीचा थोडासाच भाग वापरते. रेडिएटर अपुरा आहे, इंटरकूलर तापतो आहे, हे तिथे कधीच कळणार नाही. चौफुल्यावरून सुपे, मोरगाव, जेजुरी, सासवड करत दिवे घाटाकडे जावे. घाट उतरून परत चढताना, मेच्या दुपारी, चार माणसांसह, कूलंटचे तापमान कुठे जाऊन थांबते ते पाहावे. थांबत नसेल तर पुढचा टप्पा थांबवावा.

पेट्रोल गाडीचा आराखडा आता पंपावरच्या इंधनाने बदलला आहे. या दोन्ही तालुक्यांत ऊस आणि साखर कारखाने आहेत, आणि उसातून तयार होणारे इथेनॉल आज पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे 14.7 भाग लागतात, इथेनॉलला 9. ई-20 ला, म्हणजे या 20 टक्के मिश्रणाला, सुमारे साडेतेरा. ईसीयू आणि ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी हे सांभाळून घेते. कार्बोरेटरची पद्मिनी किंवा जुनी जिप्सी घेत नाही. तिचे मिश्रण पातळ होते, ती तापते, आणि जुने रबरी पाइप फुगतात. तेव्हा अशा गाडीत पाइप, पंपाचे डायफ्राम आणि जेट ही ताकदवाढीच्याही आधीची कामे ठरतात. दुसऱ्या बाजूने ई-20 चा ऑक्टेन वाढलेला असल्याने नॉकिंगला थोडी जास्त मोकळीक मिळते, आणि एका लिटरमधली उष्णता सहा-सात टक्क्यांनी घटल्याने इंजेक्टर व पंप यांना तेवढा जास्त पुरवठा करावा लागतो. इंजेक्टरचा आकार ठरवताना हा वाढीव भाग धरलाच पाहिजे.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात याचा कडक अर्थ लावला. इंजिन बदलायचे असेल तर परिवहन कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी; दौंडच्या गाडीसाठी ते कार्यालय बारामतीचे, एमएच-42. इंजिनाचा क्रमांक, इंधन आणि घनक्षमता नोंदणीपत्रावर असतात, आणि अपघातानंतर विमा कंपनी सर्वांत आधी तेच पाहते. इंजिन विकत घेण्याच्या दिवशीच त्याचे बिल आणि मूळ गाडीचे कागद हातात पाहिजेत. परवानगी नंतर काढू म्हणून आधी इंजिन बसवणे, हा टप्प्यांचा चुकीचा क्रम आहे.

एक आराखडा

हे सगळे एका गाडीवर उतरवून दाखवतो. दीड-दोन लाख किलोमीटर झालेली 75 अश्वशक्तीची मल्टीजेट गाडी आहे आणि तिला 90 च्या रूपाजवळ न्यायचे आहे.

आधी जुन्या स्थितीची नोंद: चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, गरम तेलाचा दाब, इंजेक्टरांतून परत येणारे डिझेल, आणि वर सांगितलेली 40 ते 80 ची खेप. एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन इतरांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल, किंवा गाडी तेल खात असेल, तर बेतच बदलतो. मग इंजिन उतरवून हाफ किंवा फुल काम करणे अटळ आहे, आणि पटियाळ्याच्या लोकोप्रमाणे त्याच खोलण्यात बाकीचा सगळा संच चढवणे शहाणपणाचे.

इंजिन निरोगी निघाले तर पहिला टप्पा ब्रेक, रेडिएटर, कूलंटचे पाइप आणि इंटरकूलरचा. यात अश्वशक्ती वाढत नाही. गाडी रोज वापरात राहते आणि एक उन्हाळा तिच्यावरून जाऊ द्यावा.

दुसरा टप्पा क्लच संपेल तेव्हा, आपण ठरवू तेव्हा नाही. गिअरबॉक्स खाली आला की 200 न्यूटन-मीटरला पुरून उरणारा क्लच, रिलीज बेअरिंग, मागचे सील, आणि इंजिन-गिअरबॉक्सची माउंटिंग एकत्र. या इंजिनाला टायमिंगची साखळी आहे. ती वाजत असेल तर पुढचे कव्हर याच मुक्कामात उघडावे, कारण गाडी तशीही वर चढलेली आहे आणि ऑइल बदलायचेच आहे.

तिसऱ्या टप्प्यात टर्बो, त्याच्या पात्यांची व्यवस्था, तेलाची नवी नळी आणि मॅप, एकाच आठवड्यात. टर्बो चढवण्याआधी तेलाची चाळणी आणि सम्प साफ करावा. जुना गाळ नव्या टर्बोच्या बेअरिंगला काही तासांत खातो. मॅप करणाऱ्याला टॉर्कची मर्यादा आपण लिहून द्यावी: 200 न्यूटन-मीटर, त्याहून वर नाही, आणि खालच्या फेऱ्यांत तर मुळीच नाही. 1,800 फेऱ्यांवर टॉर्क चढवला की गाडी चालवताना फार सुखावते, पण त्या फेऱ्यांत कनेक्टिंग रॉड आणि गिअर यांच्यावर सर्वांत मोठा घाव बसतो. वाढ हवी ती 3,000 च्या वर. मॅप चढल्यावर पहिले पाचशे किलोमीटर अर्ध्या दाबाने चालवून तेल बदलावे, काढलेले तेल आणि कापून उघडलेला फिल्टर तपासावा, त्यात चमकणारे कण नसतील तरच पूर्ण दाब द्यावा. आणि मग तीच 40 ते 80 ची खेप, त्याच पट्ट्यावर, जुन्या नोंदीच्या तापमानाला घ्यावी.